राजगड ते तोरणा: कॅमेरा खांद्यावर घेऊन चालणाऱ्यांसाठी

राजगड–तोरणा ही धार एका दिवसात चालायची तर कॅमेरा सॅकमध्ये ठेवून भागत नाही. सॅक उतरवा, चेन उघडा, कॅमेरा काढा, परत ठेवा, हे सकाळी दोन-तीनदा होतं आणि मग फोटो काढायचेच राहतात. गळ्यात अडकवला तर चढावर वाकलं की छातीवर आपटतो आणि दुपारपर्यंत मान भरून येते. त्यामुळे बहुतेक जण आता स्लिंग स्ट्रॅपकडे वळलेत: डाव्या खांद्यावरून आडवा पट्टा, कॅमेरा उजव्या कमरेला, आणि हात खाली सोडला की मूठ नेमकी ग्रिपवर. हिवाळ्यात आम्ही तिघं ही वाट चाललो, तिघांकडे तीन तऱ्हांचे स्लिंग होते. वाट चालताना त्यातला प्रत्येक पट्टा कसा वागला, ते इथे सविस्तर लिहितेय. दुकानाच्या आरशासमोर यातलं फार थोडं कळतं.

आधी कोणाकडे काय होतं ते. माझ्याकडे निकॉन झेड ६ टू आणि २४–१२० एफ/४ लेन्स, बॅटरी-कार्ड धरून साधारण १.३ किलो. मामेभावाकडे जुना फुलफ्रेम डीएसएलआर आणि ७०–२०० एफ/२.८, म्हणजे दोन किलोच्या वर. मैत्रिणीकडे छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला, हलका कॅमेरा) आणि एक प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. माझा पट्टा ब्लॅकरॅपिड कंपनीच्या धर्तीचा: खांद्यावर रुंद गादी, खाली कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या ट्रायपॉडच्या भोकात बसणारा स्क्रू, त्याला लॉक होणारी कडी आणि ती कडी पट्ट्यावरून वर-खाली सरकते. मामेभावाचा पट्टा गाडीच्या सीटबेल्टसारखा गुळगुळीत. त्याचं एक टोक कॅमेऱ्याच्या बाजूच्या कडीला आणि दुसरं तळाच्या प्लेटला, त्यामुळे कॅमेरा उचलला की अख्खा पट्टाच खांद्यावरून सरकतो. मैत्रिणीचा तसाच, फक्त अरुंद.

या एका फरकावर माझं सगळं सांगणं उभं आहे. कॅमेरा पट्ट्यावर सरकतो की पट्टा खांद्यावर सरकतो, हे आधी बघा. गादी किती मऊ, चामडं खरं की नाही, हे नंतर.

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात रात्री मुक्काम केला आणि अंधारातच निघालो. पुण्याहून स्वतःच्या गाडीने येणार असाल तर सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळून नसरापूर, मार्गासनीमार्गे येता येतं. गाडी वेल्ह्यात लावून तिथून जीपने गुंजवण्याला आलात तर शेवटी तोरण्यावरून थेट गाडीपाशी उतरता. आमच्या मते हेच सोयीचं, कारण वेल्ह्यात उतरल्यावर पुन्हा गुंजवण्याला जायची ताकद कोणात नसते.

राजगडाच्या चोर दरवाज्याची वाट शेवटी उभी होते. रेलिंग धरून कातळावरून चढावं लागतं आणि दरवाजा तर वाकून आत शिरावं इतका लहान. पट्ट्याची पहिली परीक्षा इथे झाली. सॅक पाठीवर घेतल्यावर मामेभावाचा पट्टा सॅकच्या खांदापट्टीखाली अडकला आणि सरकायचाच बंद झाला. कॅमेरा डोळ्याला लावायचा म्हणजे आधी पट्टीखालून पट्टा ओढून काढा. त्याने तो सॅकच्या वरून घेतला, तर खाली काही धरायला नसल्याने पट्टा दर दहा पावलांनी दंडावर घसरायला लागला. माझ्या पट्ट्याची गादी मात्र सॅकच्या पट्टीखाली जागच्या जागी दाबून बसली होती आणि कॅमेरा आपला कडीवरून सुरळीत वर येत होता. सॅक घेऊन चालणाऱ्याने म्हणूनच सरकत्या कडीचा पट्टा घ्यावा असं मी ठामपणे सांगेन. शहरात, लग्नात, बाजारात, पाठीवर काही नसताना गुळगुळीत पट्टा उत्तम. त्याची लांबी पटकन बदलते आणि तो दोन्ही खांद्यांवर चालतो. डोंगरात त्याला सॅक नडते.

क्रम लक्षात ठेवा: आधी स्लिंग, त्यावर सॅक, मग छातीचा बेल्ट. छातीचा बेल्ट लावला की स्लिंगचा पट्टा मानेकडे चढत नाही. काखेतून जाणारा छोटा जोडपट्टा मिळत असेल तर तो जरूर घ्या. वाकल्यावर गादी पुढे येऊ न देण्याचं काम तोच करतो.

पद्मावती माचीवर देवीचं दर्शन घेतलं, तळ्याकाठी नाश्ता केला आणि बालेकिल्ल्याकडे वळलो. बालेकिल्ल्याची चढण अंगावर येणारी आहे, कातळात खोदलेल्या पायऱ्या, बाजूला रेलिंग, आणि तोंड सतत भिंतीकडे. अशा जागी कमरेचा कॅमेरा आपोआप पुढे झुलतो आणि लेन्सची कड खडकाला लागते. सरकत्या पट्ट्याचा दोष तो हाच. त्यावर उपाय पट्ट्यातच असतो: कडीच्या मागे-पुढे दोन छोटे अडसर असतात, ते दाबून कडीला हवी तेवढीच जागा सोडता येते. मी चढणीला पुढचा अडसर खाली आणून कॅमेरा पाठीमागे, कमरेच्या वळणात ठेवला. लेन्सहूड (लेन्सच्या तोंडावरची कडा) सरळ लावलेला असावा, उलटा नाही. खडकाला लागलंच तर हूडला लागतं. घेताना हे अडसर आहेत का, आणि बोटाने घट्ट बसतात का, ते स्वतः दाबून पाहा.

लांबीबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेकांचा त्रास इथूनच सुरू होतो. फोटोत दिसतो तसा मांडीपर्यंत लोंबणारा कॅमेरा डोंगरात कामाचा नाही. दर पावलाला मांडीवर आपटतो, वाकलं की गुडघ्याला लागतो. सॅकचा कंबरपट्टा बांधल्यावर कॅमेरा त्याच्या जरा वर टेकेल इतकाच पट्टा सोडावा. मग कंबरपट्टा थोडा भार उचलतो आणि खांद्याला खरोखर सुटका मिळते. मात्र फार आखूडही नको. कॅमेरा डोळ्याला लावून उभी फ्रेम घेता आली पाहिजे. हे सगळं घरी नाही, सॅक भरून, बूट घालून, जिना चढून ठरवा.

संजीवनी माचीवर आम्ही बराच वेळ रेंगाळलो. अडीचेक किलोमीटर लांब माची, तिची दुहेरी तटबंदी, त्या दोन भिंतींमधली अरुंद वाट, सकाळचं तिरपं ऊन एका भिंतीवर आणि दुसरी सावलीत. इथे एका हाताने तटाचा आधार घेत दुसऱ्या हाताने कॅमेरा उचलावा लागतो, आणि स्लिंगचं सार्थक इथे होतं. मी भिंतीला टेकून पटापट फ्रेम घेत होते आणि कॅमेरा सोडला की तो आपला कमरेला. हवा तेव्हा हाताशी, नको तेव्हा विसरता येतो, एवढंच तर पट्ट्याकडून मागायचं.

अळू दरवाज्यातून बाहेर पडून धारेला लागलो. ही मधली चाल पाच-सहा तासांची, झाडी कमी, कारवीचे रान जागोजागी. कारवीतून जाताना पट्ट्याची लोंबणारी शेपटी दर काठीला अडकते; ती गुंडाळून रबरबँडने बांधा. आणि इथेच मामेभावाने थांबून सगळ्यांचे स्क्रू तपासले. "ताई, तुझा हलतोय बघ," म्हणाला. पाहते तर ट्रायपॉडच्या भोकातला स्क्रू पाव फेरा सैल झाला होता. यात नवल नाही. चालताना कॅमेरा त्या एका बिंदूवर लोलकासारखा डुलतो आणि प्रत्येक हेलकावा स्क्रूला थोडा पीळ देतो. पाव इंची स्क्रूला एका इंचात २० आटे असतात. दोन-चार फेऱ्यांतच तो बाहेर येऊ शकतो. म्हणून तीन गोष्टी करा. स्क्रूखाली रबराची चकती असलेलाच पट्टा घ्या, ती पकड धरते. दर विश्रांतीला बोटाने स्क्रू फिरवून पाहा. आणि कॅमेऱ्याच्या बाजूच्या कडीतून स्लिंगच्या कडीपर्यंत एक छोटी दोरी बांधा. स्क्रू निघालाच तर कॅमेरा दोरीवर लटकेल, दरीत जाणार नाही. अशी सेफ्टी दोरी थोड्या पैशांत मिळते, आणि माझ्या लेखी ती पट्ट्याहून महत्त्वाची आहे.

जड टेलिफोटो असेल तर स्क्रू कॅमेऱ्याला लावूच नका, लेन्सच्या कॉलरच्या (लेन्सभोवतीच्या कड्याच्या) पायाला लावा. मामेभावाच्या पट्ट्याचा सगळा ताण आधी बॉडीच्या माउंटवर येत होता. प्लेट लेन्सच्या पायाला हलवल्यावर तोल साधला आणि पिळवटणं थांबलं. ज्यांच्याकडे पट्टा कॅमेऱ्याला अडकवायचे दोरीच्या गाठीचे जोड आहेत त्यांनी गाठ निरखावी; वरचं आवरण झिजून आतला वेगळ्या रंगाचा धागा दिसला की जोड बदलायचा, थांबायचं नाही.

मैत्रिणीच्या अरुंद पट्ट्याचं दुखणं वेगळं होतं. छोट्या कॅमेऱ्याला अरुंद पट्टा पुरतो असं सगळे सांगतात, आणि तासाभरासाठी ते खरंही आहे. पण सहा तासांच्या घामात तो मानेच्या कडेला काचला आणि छातीवर दोन भागांत रुतत राहिला. बायकांनी हे आवर्जून पाहावं: छातीवरून जाणारा भाग पातळ आणि मऊ, खांद्यावरचा रुंद, आणि गादी वळणदार असेल तर फार बरं. तिच्या कॅमेऱ्याची एक्स्पोजरची (फोटो उजळ-गडद करायची) चकतीही शर्टावर घासून फिरत होती, म्हणून तिने कॅमेऱ्याची दिशा उलटवली. तळाच्या स्क्रूवर लटकलेला कॅमेरा उलटा राहतो आणि त्याचा वरचा भाग घासला जात नाही. हाही सरकत्या कडीचा एक फायदा. त्वचेसाठी साधा उपाय म्हणजे कॉलरचा सुती शर्ट. ड्राय-फिट टीशर्टवर सीटबेल्टसारखा पट्टा घसरतो आणि मान उघडी राहते. निओप्रीनची गादी मऊ लागते पण घाम धरून ठेवते. जाळीची गादी त्याहून बरी.

मध्ये एका खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. तिथे ताक मिळालं तर प्या, पण भरवशावर राहू नका. तीन-चार लिटर पाणी आपलं आपण न्यावं. त्यानंतर तोरण्याच्या बुधला माचीची चढाई, दिवसातली सगळ्यात थकवणारी. घसाऱ्यावरून पाय मागे येतात आणि वर लोखंडी शिडी आहे. शिडीपाशी गुरं घेऊन आलेले एक काका बसले होते. आमच्याकडे बघून म्हणाले, "कॅमेरं सॅकमधी टाका की. दोन्ही हात मोकळं पाहिजेत." आम्ही तेच केलं, आणि तुम्हीही करा. कितीही चांगला स्लिंग असला तरी शिडीवर, रेलिंगच्या उभ्या टप्प्यावर आणि ओल्या कातळावर कॅमेरा सॅकमध्येच. यावर माझ्याकडून कोणतीही सवलत नाही.

सॅकच्या खांदापट्टीला लावायच्या क्लिपबद्दल अनेक जण विचारतात. हलक्या कॅमेऱ्याला ती छान, झुलत नाही, हात मोकळे. पण किलोभराच्या वर गेलं की सॅक एका बाजूला ओढली जाते. शिवाय क्लिपची प्लेट ट्रायपॉडचं भोक अडवते, तेव्हा स्लिंगही वापरायचा असेल तर पट्ट्याची दोरी अडकवायला भोकं असलेलीच प्लेट घ्या.

कोकण दरवाज्यातून मुख्य गडावर पोहोचलो, मेंगाई देवीच्या देवळाजवळ बसलो. १४०३ मीटरवरून राजगडाचा बालेकिल्ला दिसत होता, आणि सकाळपासून चाललेली धार त्याच्यापर्यंत गेलेली. ७०–२०० इथे कामी आली. मामेभावाने ओझं वाहिल्याचं चीज झालं. बिनी दरवाज्याखालची उतरण अंधारात नको, म्हणून उजेड असतानाच निघा. वेल्ह्याहून एसटीने जायचं असेल तर सकाळीच स्वारगेटला शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा.

घरी आल्यावर पट्टा साध्या पाण्यात बुडवून घामाचं मीठ काढा, सावलीत वाळवा. कडीच्या खोबणीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढा, आणि शिवण जिथे कडीला मिळते तिथला धागा उजेडात धरून बघा. एक टाका जरी सुटलेला दिसला तरी पुढच्या ट्रेकआधी चांभाराकडून दुहेरी शिवून घ्या.