पाहुण्यांचं लेबल

अप्पांनी मला बोलावलं होतं ते कर्जाच्या कागदांसाठी. लातूरच्या एमआयडीसीत त्यांची तूरडाळीची मिल, आणि मी कॉस्ट अकाउंटंट. "साहेब, पोत्यात क्विंटलमागं शंभर रुपये सुटायलेत आन् पाउचात साडेचारशे. पाउचाचं दुसरं मशीन टाकू. बँकेला काय लागंल ते करा."

मुनीमजींच्या पानावर तसंच होतं. महिन्याला ३,६०० क्विंटल डाळ. त्यातली ४०० पाउचात, बाकी ३० किलोच्या पोत्यांत. (१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या डाळीवर पाच टक्के जीएसटी लागतो, म्हणून पोतं तिसाचं.) तूर, भरडाई, पाउचाची फिल्म असा सरळ खर्च वजा केला की पोत्याच्या डाळीत क्विंटलला २५० रुपये उरत, पाउचात ६००. राहिला वरखर्च: पॅकिंगची माणसं, मशीनची दुरुस्ती, बिलं, टेम्पो, परत आलेला माल, वसुलीचे फेरे. सगळा मिळून ५,४०,००० रुपये. भागिले ३,६००, म्हणजे क्विंटलला दीडशे, सगळ्यांना सारखे. पंगतीत बसलेल्या पैलवानाला आणि बाळंतिणीला एकच पळी.

मला खटकलं ते वेगळंच. त्या आठवड्यात मी तीनदा मिलमध्ये गेलो आणि तिन्ही वेळा पाउचाचं मशीन बंद होतं. माल भरपूर, ऑर्डर हातात, आणि मशीन उघडून दोघं त्यात डोकं घालून उभे.

आधी मी सोपा मार्ग धरला. सुपरवायझरला आणि मुनीमजींना विचारलं, तुमचा वेळ कशाकशात जातो? दोघांनी टक्केवारी सांगितली आणि दोघांची बेरीज बरोबर शंभर आली. रिकामा बसतो असं आजवर मला एकानंही सांगितलेलं नाही. हार्वर्डच्या रॉबर्ट कॅप्लन यांनी २००४ मध्ये स्टीव्हन अँडरसनसोबत खर्च वाटण्याची वेळेवर आधारलेली पद्धत मांडली, त्यामागं हेही एक दुखणं होतं. टक्के विचारू नका, मिनिटं मोजा. मग मी स्टूल घेतला आणि सकाळी आठला मशीनसमोर जाऊन बसलो.

चाळणी, साल खरवडणारा एमरी रोलर, तेलाचा हात, वाळवण, फोड, आणि रंगावरून खराब दाणे वेचणारं सॉर्टेक्स. इथपर्यंत डाळ एकच. पोत्याची वाट तिथंच संपते: तोला, शिवा, थप्पी लावा, ट्रक भरा. पाउचाचं काम तिथून सुरू होतं. भिंतीला टेकवून फिल्मचे रोल उभे होते, बारा तऱ्हेचे. एक अप्पांच्या ब्रँडचा, बाकी अकरा गावोगावच्या दुकानदारांचे, ज्याच्या त्याच्या नावाचे.

पहिला रोल नऊ वाजून दहा मिनिटांनी बदलला. जुना उतरवला, हॉपर झाडला, नवा ओवला, सीलचं तापमान जुळवलं, तारखेचा शिक्का बदलला, वजन लावलं. पहिले वीस-पंचवीस पाउच वाया. कुठं सील उसवलं, कुठं नाव अर्धं कापलं. धड पाउच पडायला ४७ मिनिटं गेली. मग अर्ध्या किलोचे ४०० पाउच, म्हणजे दोन क्विंटल, चौदा मिनिटांत निघाले. आणि पुन्हा रोल बदल.

पॅकिंगच्या मावशी दोनदा बघून गेल्या. तिसऱ्यांदा राहवलं नाही. "काय मोजायलाव, साहेब? मशीन बंद हाय की."

"तेच मोजायलोय, मावशी."

रजिस्टर काढलं. महिन्यात ६२ वेळा रोल बदललेला, त्यातला अप्पांच्या ब्रँडसाठी फक्त दहादा. ४०० क्विंटल भरायला मशीन ४६-४७ तास चाललं होतं आणि रोल बदलण्यात साधारण तेवढंच, किंबहुना दोन तास जास्तच, बंद होतं. दुसरं मशीन कशाला घ्यायचं, तेही उभं करायला?

मग बिलं, टेम्पोचे फेरे, परतीचा माल हेही ज्याचं त्याच्या नावावर टाकलं. ५,४०,००० पैकी २,८०,००० एकट्या पाउचानं खाल्ले होते. पोत्यावर क्विंटलला ८१ रुपयेच बसत होते, नफा १६९. पाउचात साडेचारशे नफा नव्हे, शंभराचा तोटा. त्यातही अप्पांचा ब्रँड क्विंटलला दोनशेनं फायद्यात आणि ती अकरा लेबलं मिळून सहाशेनं खड्ड्यात. असंच काहीसं १९८० च्या दशकात अमेरिकेत जॉन डिअरच्या सुट्या भागांच्या कारखान्यात दिसलं होतं. थोड्या नगांचे भाग स्वस्त वाटत, कारण मशीन जुळवण्याचा त्यांचा भार मोठ्या ऑर्डरी उचलत. रॉबिन कूपर आणि त्याच कॅप्लन यांचं हे उदाहरण मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. आपल्याकडच्या शेतात फिरणारा हिरवा ट्रॅक्टर तोच, एवढंच तेव्हा लक्षात राहिलं.

संध्याकाळी अप्पांसमोर पान ठेवलं. रोल बदल थांबले म्हणून उद्या कुणाचा पगार वाचणार नाही, वेळ वाचेल, हेही सांगितलं. ते ऐकत होते, पण बोट शेवटच्या लेबलाच्या ओळीवर थांबलेलं. महिन्याला १५ क्विंटल, तेही दीड-दीड क्विंटलच्या दहा ऑर्डरींत. खर्च ३४,००० आणि मिळकत ९,०००. फोन आला की चालू रोल उतरवून हा चढवायचा. उधारी मागायची सोय नाही. लेबलवर फेटा बांधलेल्या आजोबांचा फोटो.

"हे पाहुणे," अप्पा म्हणाले. नांदेडचे व्याही.

चहा आला, निवला. मुनीमजी खिडकीबाहेर बघत बसले.

"बाकी दहा जणांना सांगा, एका टायमाला धा क्विंटल घ्या, न्हाई तर आपल्या ब्रँडचं घ्या. पाहुण्यांचं चालू द्या. पण हा खर्च मिलचा न्हाई, लेकीचा हाय. माझ्या नावावर टाका."

"दर महिन्याला पंचवीस हजार पडतील, अप्पा."

"पडू द्या की."

मुनीमजींनी चोपडी ओढली, पेन उघडलं आणि थांबले. "नावं टाकताना काय लिहू? उचल?"

"आहेर लिवा," अप्पा म्हणाले.