हँडब्रेकवरचा हात

रविवार, रात्री उशिरा

मलबार हिलच्या तीनबत्तीहून चौपाटीकडे उतरताना दादाने हँडब्रेकवर हात ठेवला. ओढला नाही, बोलला नाही. माझ्या मांडीशेजारी हात आणून नुसता ठेवला आणि स्वतः समुद्राकडे बघत बसला.

संध्याकाळपासून तो हात डोक्यातून जात नाहीये. ब्रेक लागत होते. गाडी डावीकडे ओढत होती, पण लागत होते! मग हात कशाला? गाडीचा भरवसा नाही म्हणून, की माझा नाही म्हणून? लहानपणी सायकल शिकवतानाही 'सोडलं, सोडलं' म्हणायचा आणि कॅरिअर धरून मागे पळत असायचा. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा माझ्या सहीआधी कागद त्याने... जाऊ दे. रीडेव्हलपमेंट आज नको.

पन्नाशी उलटली तरी माणूस धाकटाच राहतो, हे काही बरं नाही.

जेवायला वर गेलोच नाही. गाडी जॅकवर घेतली. पुढचं उजवं चाक हाताने फिरेना, आणि डिस्कची धग तर बोट जवळ न्यायच्या आधीच लागत होती. मेकॅनिक उस्तादांना फोन केला. ब्रेक दाबला की डावीकडे जाते आणि सोडला की उजवीकडे, असं म्हटल्यावर ते हसले. "पकडता भी देर से है, छोडता भी देर से है. निपल खोलके देखो."

ब्लीड निपल (चाकाजवळ ब्रेकचं तेल बाहेर काढायची बारीक तोटी) पाव आटा सैल केला. तेलाची चिळकांडी मनगटावर, आणि चाक मोकळं! म्हणजे डिस्कला दोन्हीकडून पकडणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन जाम नव्हता, आत प्रेशर अडकलं होतं. निपल आवळून पेडल दाबलं, सोडलं. चाक पुन्हा जाम. आता होजच्या, म्हणजे कॅलिपरला तेल नेणाऱ्या रबरी नळीच्या, वरच्या टोकाला जिथे धातूची नळी येऊन मिळते, तो नट सैल केला. तेल ठिबकलं, चाक ढिम्म. म्हणजे वरून, पेडलच्या जोराने तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर प्रेशर सोडतोय, खालून कॅलिपर सोडायला तयार आहे, आणि मधला वीतभर होज अडवून बसलाय. बाहेरून एक भेग नाही. रबर आतून फुगलंय. पायाच्या जोराने तेल कसंबसं पलीकडे जातं, पण परतीला तेवढा जोर कुणाचा? म्हणून ते चाक उशिरा धरतं आणि धरलं की सोडत नाही.

तिथेच फरशीवर बसून राहिलो. डास चावत होते. सगळे मलाच का सांभाळतात, वगैरे.

मग एकदम हसू आलं. गाडी १९६६ ची एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ब्रेकला सिंगल सर्किट. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि चारही चाकांना तेल एकाच मास्टरमधून. हा होज तीनबत्तीच्या उतारावर फुटला असता, तर पेडल फरशीला टेकलं असतं आणि चारही चाकांचे ब्रेक गेले असते. उरला असता फक्त हँडब्रेक, कारण तो तेलावर नाही, केबलवर मागचे ड्रम धरतो. दादाला यातलं काडीचं कळत नाही. त्याला होज म्हणजे बागेतला पाइप. पण अख्ख्या गाडीत हात ठेवण्यासारखी तेवढी एकच जागा होती आणि नेमका तिथेच त्याचा हात! याचाही थोडा राग आलाच.

होज तिन्ही बदलायचे. पुढचे दोन, मागच्या अ‍ॅक्सलचा एक. एकाच वयाचे आहेत, उरलेल्या दोघांचा भरवसा कोण देणार? ऑइलही सगळं नवं, मुंबईच्या दमट हवेत ते पाणी ओढत बसलेलं असणार.

नंतर ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला दुसरा माणूस लागेल. दादालाच बोलवतो. तो स्टिअरिंगमागे, मी चाकाशी पाना घेऊन. 'दाब, धरून ठेव, सोड' मी म्हणणार, आणि मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही.

त्याला जमेल असं वाटत नाही.