होस्ट फॅमिलीला पहिलं पत्र: काय लिहायचं, काय वगळायचं

शाळेचं एक वर्ष परदेशात काढायला निघालेल्या मुलाच्या अर्जात गुणपत्रिका, शिफारसपत्रं, वैद्यकीय फॉर्म असा बराच ऐवज असतो. पण हे मूल आपल्या घरी ठेवून घ्यायचं की नाही, हे ठरवताना समोरचं कुटुंब मन लावून वाचतं ते एकच पान: 'प्रिय होस्ट फॅमिली' अशी सुरुवात असलेलं पत्र. 1947 पासून शाळकरी मुलांना देशोदेशी पाठवणारी एएफएस ही संस्था असो, तसंच काम करणारी वायएफयू असो की रोटरी यूथ एक्स्चेंज, हे पत्र सगळीकडे लागतं. आणि हेच पत्र बहुतेक मुलं अर्जाच्या शेवटच्या रात्री उरकतात.

हे लिहिताना वाचणारं कुटुंब कोणतं, ते तुम्हाला ठाऊक नसतं. तिकडे एखादं कुटुंब जेवणाच्या टेबलाभोवती बसून अशी दोनतीन पत्रं वाचत असतं. हे मूल आपल्या धाकट्याशी जमवून घेईल का? रात्री दहाला घरातले दिवे मालवतात, ते याला चालेल का? कुत्रा अंगावर आला तर? त्यांच्या मनात असले प्रश्न असतात. अमेरिकेत जे-१ व्हिसावर, म्हणजे अशा देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीच्या व्हिसावर, येणाऱ्या शाळकरी मुलांना ठेवून घेणाऱ्या कुटुंबांना त्याचे पैसे मिळत नाहीत. ती हौसेनं आपलं घर उघडतात. म्हणून 'या संधीमुळे माझं करिअर घडेल' हे वाक्य तिथे काहीच काम करत नाही. तुमच्यासोबतचा साधा मंगळवार कसा असेल, हे त्यांना दिसायला हवं.

दिसायला हवं म्हणजे कसं, ते पाहा. 'मला संगीताची आवड आहे, मी मनमिळाऊ आहे आणि घरकामात मदत करतो' हे शेकडो पत्रांत असतं. त्याऐवजी असं लिहा: 'शाळेतून आलो की अर्धा तास मी फारसा बोलत नाही, काहीतरी खातो, मग एकदम बोलायला लागतो. रोज संध्याकाळी चाळीस मिनिटं तबला वाजवतो. आवाज भिंतीपलीकडे जातो, म्हणून कोणती वेळ चालेल ते तुम्हालाच विचारीन. रात्रीची भांडी मी घासतो. वॉशिंग मशीन कधी लावलेलं नाही, एकदा दाखवलंत तर करीन.' या पाच ओळींत कुटुंबाला स्वभाव कळला, आवाजाचा अंदाज आला, काय येतं, काय येत नाही तेही समजलं. लाजाळू असाल तर तेही लिहा, पण पुढचं वाक्य जोडून: 'पहिले काही दिवस मी कमी बोलेन, त्याचा अर्थ राग किंवा कंटाळा नाही, सरळ प्रश्न विचारलात की मी मोकळं बोलतो.'

लांबी टाइप केलेलं एक ते दीड पान. घरात कोण कोण आहे, कोणाशी जास्त जमतं, शाळेचा दिवस, सुट्टीचा दिवस, छंद, आणि हे वर्ष तिकडे का काढायचं आहे, एवढं पुरे. पदकं आणि टक्के अर्जात आहेतच.

खरी गफलत होते ती अडचणीच्या गोष्टी गुळमुळीत लिहिल्यामुळे. खाण्याचंच घ्या. 'मी शाकाहारी आहे' एवढ्यानं भागत नाही, कारण मासे खाणारी माणसंही स्वतःला शाकाहारी म्हणवताना भेटतात. अंडं चालतं का, केकमधलं चालतं पण नुसतं नाही असं आहे का, मांसाच्या पाण्यात शिजवलेलं सूप चालेल का, जिलेटिन (प्राण्यांपासून काढलेला चिकट पदार्थ) घातलेल्या गोळ्या चालतात का, मांस शिजलेल्या भांड्यात आपलं अन्न शिजवलं तर चालेल का, हे एकेक ओळीत लिहा. आणि लगेच पुढे, काय आवडीनं खाता आणि स्वतः काय शिजवू शकता. नुसती नकारांची यादी वाचून कुटुंब धास्तावतं. 'माझा नाश्ता मी करून घेऊ शकते' या एका वाक्यानं धास्ती उतरते. तिकडे गेल्यावर नियम सैल करायचा विचार असेल तर तो आधी घरी आईवडिलांशी बोलून ठरवा. अर्जातल्या त्यांच्या वेगळ्या पत्रात एक आणि तुमच्या पत्रात दुसरंच असलं की संस्थेचा फोन येतोच.

प्राण्यांबद्दलही हीच गोष्ट. कुत्र्याची भीती वाटत असताना 'मला प्राणी आवडतात' लिहिणं महागात पडतं. मोठ्या कुत्र्याची भीती, की कोणत्याही? हळूहळू सवय होईल अशी, की हातपाय गार पडतील अशी? मांजरामुळे शिंका येतात की दम लागतो? दम्याची किंवा ॲलर्जीची नोंद वैद्यकीय फॉर्ममध्ये आणि पत्रात सारखीच हवी, कारण कुटुंब निवडताना दोन्ही ताडून पाहिली जातात. लपवलेली ॲलर्जी पहिल्या आठवड्यात उघडी पडते, आणि मग नवं घर शोधण्याची धावपळ ऐन शाळा सुरू होताना होते.

देवधर्म पाळत असाल तर किती वेळ, कधी, त्याला वेगळी जागा लागते का, ते सांगा. कुटुंबाच्या प्रार्थनेला सोबत जायची तयारी आहे का, तेही. खोलीचंही लिहा: भावंडासोबत झोपायची सवय आहे का? जे-१ च्या नियमाप्रमाणे मुलाला स्वतंत्र पलंग द्यावाच लागतो, पण खोलीत त्याच लिंगाची आणखी एक व्यक्ती असू शकते. 'स्वतंत्र खोली हवीच' असं लिहिलंत तर काही चांगली घरं आपोआप गळतात.

भाषा तुमचीच असू द्या. शिकवणीच्या सरांनी किंवा एखाद्या ॲपनं घासूनपुसून दिलेलं पत्र वाचून कुटुंब तशाच सफाईदार बोलण्याची अपेक्षा धरतं, आणि पहिल्या व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडे अवघडलेपण येतं. स्पेलिंग तपासा, अर्थ कळतोय ना ते पाहा, बाकी साध्या चुका राहू द्या. आईवडिलांसाठी अर्जात बहुधा वेगळं पत्र असतं; त्यांनी तिथे लिहावं.

फोटो पाचसहा. चेहरा स्पष्ट, गॉगल नको. एक घरच्यांसोबत, एक छंदात गुंतलेला, एक मित्रमैत्रिणींसोबत. प्रत्येकाखाली एक ओळ, तुम्ही कोणते ते सांगणारी. पत्रात पत्ता आणि फोन नंबर घालू नका. निवड होईपर्यंत ते संस्थेकडेच राहिलेलं बरं.

कुटुंब ठरल्याचं कळलं की दोन दिवसांच्या आत छोटी मेल पाठवा. उशीर झाला तर तिकडे वाटतं की मुलाला आपलं घर पसंत पडलं नाही. त्यांच्या माहितीत आलेल्या प्रत्येकाचा उल्लेख करा, अगदी सहा वर्षांच्या मुलाचा आणि कुत्र्याचाही. प्रश्न तीनचारच: तुम्हाला काय म्हणून हाक मारू, शाळेत कसं जायचं, पहिल्या महिन्यात कसले कपडे लागतील, घरात कोणती कामं वाटून घेता. वायफाय, सहली आणि गाडी यांचे प्रश्न नंतर.

व्हिडिओ कॉलची वेळ दोन्ही घड्याळांप्रमाणे, तारखेसकट लिहून ठरवा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात हे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. मधल्या आठवड्यांत हमखास घोळ होतो. कॉल अर्ध्या तासाचा पुरे. आईवडिलांनी सुरुवातीला नमस्कार करून उठावं. शेजारी बसून त्यांनी उत्तरं पुरवली तर मुलाचा आवाज कुटुंबाला ऐकूच येत नाही. कळलं नाही तर 'पुन्हा सांगाल का?' म्हणा. हसून मान डोलावली की समोरच्यांना वाटतं समजलं, आणि मग विमानतळावर कोण येणार, हेच राहून जातं.

रोटरीच्या वर्षभराच्या कार्यक्रमात साधारणपणे एकाहून जास्त घरं बदलावी लागतात. दुसऱ्या घराला तेच जुनं पत्र पाठवू नका. तोवर वॉशिंग मशीन येऊ लागलेलं असतं, खाण्याच्या सवयी बदललेल्या असतात, शाळेतून परतायची वेळ पक्की झालेली असते. या बदललेल्या गोष्टी लिहून नवं अर्धं पान, घर बदलण्याच्या दोनतीन आठवडे आधी पाठवा.