पर्जन्यमापक, नोंद ४: शंभरानंतर एक

गेल्या नोंदीत मी "बोर्ड तयार, मामांकडे रवाना" असं ऐटीत लिहिलं होतं. आठच दिवसांत संगमेश्वरहून मामांचा फोन. "अरे, पागोळीखालचं घमेलं रात्रभरात भरून वाहतंय आणि तुझं यंत्र बेचाळीस सांगतंय. मी झोपताना शहाण्णव बघून झोपलो होतो!"

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी: ब्लू पिल हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, त्यावर एसटीएम३२एफ१०३ चिप, २० केबी रॅम. नरसाळ्याखाली डोलणारी जोडवाटी. एक बाजू भरली की वाटी कलंडते, चुंबक रीड स्विचवरून (चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा स्विच) जातं आणि इंटरप्टमध्ये, म्हणजे हातातलं काम थांबवून लगेच चालणाऱ्या कोडमध्ये, मोजणी एकने वाढते. एक हेलकावा म्हणजे साधारण ०.२८ मिमी पाऊस. प्रत्येक हेलकाव्याला मेमरी कार्डावर एक ओळ पडते: वेळ, मोजणी, बॅटरीचे व्होल्ट. रोज सकाळी ८.३० ला मोजणी शून्य, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच बदलतो.

पहिला संशय अर्थातच वॉचडॉगवर, म्हणजे प्रोग्राम अडकला की चिप रीसेट करणाऱ्या टायमरवर. पण चिप रीसेट झाली असती तर कार्डावर बूटची, म्हणजे नव्याने सुरू झाल्याची, ओळ आली असती. बोर्ड एसटीच्या पार्सलने पुण्यात आला, कार्ड उघडलं, तर ९९, १००, १, २... मध्ये बूट नाही, काही नाही. जुन्या स्कूटरचा मीटर फिरावा तसं. शंभराने भागून बाकी घेणारी ओळ आपण कधी लिहिली का, म्हणून सगळा कोड धुंडाळला. नव्हती.

मग जुनी खोड: आतल्या किमती सिरियल वायरने लॅपटॉपवर छापत बसलो. त्यासाठी स्ट्रक्चरमध्ये (मेमरीत ओळीने एकत्र ठेवलेल्या व्हेरिएबलांचा गट) एक जादा व्हेरिएबल घातला आणि बग गायब! दोन संध्याकाळी मोजणी शंभरच्या पुढे बिनबोभाट गेली. मी पार्सलमधल्या धक्क्यांवर खापर फोडून मोकळा होणार होतो. तो व्हेरिएबल काढला, पुन्हा शंभरानंतर एक.

तेव्हा मात्र ड्रॉवरमधला एसटी-लिंक काढला, चालू चिपच्या आत डोकावू देणारा जोड. तीन वायरी: एसडब्ल्यूडीआयओ (पीए१३), एसडब्ल्यूसीएलके (पीए१४) आणि ग्राउंड, बोर्डाला सप्लाय वेगळा. लॅपटॉपवर एसटी-लिंकशी बोलणारं ओपनओसीडी, त्याला जोडलेला जीडीबी हा डीबगर. पहिला तास फुकट गेला, कारण ब्रेकपॉइंटवर (कोडमध्ये ठरवून दिलेली थांबायची जागा) थांबलं की दोन सेकंदांत चिप रीसेट. कोर थांबला तरी वॉचडॉगचा काउंटर धावतच असतो. डीबगिंगच्या वेळचं वागणं ठरवणाऱ्या डीबीजीएमसीयू रजिस्टरचा आठवा बिट लावला की थांबलेल्या अवस्थेत तोही गोठतो. ओपनओसीडीची एफ१ साठीची तयार कॉन्फिग हे आपणहून करते. मी शहाणपणा करून तीच फाइल काटछाट केली होती.

आता खरी गंमत. मोजणी कोण बिघडवतंय ते माहीत नाही, म्हणजे ब्रेकपॉइंट कुठे लावायचा तेच माहीत नाही. इथे वॉचपॉइंट लागतो: "या पत्त्यावर कुणी लिहिलं की थांब." या चिपच्या कॉर्टेक्स-एम३ कोरमध्ये यासाठी पत्ते ताडून पाहणारे चार कम्पॅरेटर सिलिकॉनमध्येच बसवलेले असतात, त्यामुळे प्रोग्राम आपल्या वेगाने चालत राहतो. पण मोजणी तर दर हेलकाव्याला रास्तपणे बदलते, म्हणून अट घातली: किंमत शून्य झाली तरच थांब. शंभर वेळा चुंबक फिरवायची हौस नव्हती. जीडीबीतूनच मोजणी ९७ केली आणि फ्रिजवरचं चुंबक रीड स्विचजवळून नेलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा... थांबलं. जुनी किंमत १००, नवी ०.

बॅकट्रेस (कोणी कोणाला बोलावलं याची यादी) पाहिला तर माझा कोड नव्हेच, मजकुराची ओळ जुळवणारं सी भाषेचं तयार फंक्शन स्प्रिंटएफ! आणि त्याला बोलावणारा मीच, कार्डाची ओळ तयार करताना. ओळीचा बफर, म्हणजे ती ठेवायची जागा, १६ बाइट. "०२:१४:३१,९९,३.९" ही १५ अक्षरं, शेवटचा शून्य बाइट धरून बरोबर १६. मोजणी तीन अंकी झाली की १६ अक्षरं, आणि शून्य बाइट सतराव्या जागी. स्ट्रक्चरमध्ये बफरच्या लगेच पुढे कोण? मोजणी. लिटल एंडियन असल्यामुळे तिचा सर्वांत खालचा बाइट आधी येतो, तोच पुसला गेला. ओळ मात्र कार्डावर १०० अशी अगदी नीट उमटते, म्हणून संशय यायला जागाच नाही. आणि माझा छापायचा व्हेरिएबल नेमका त्या दोघांच्या मध्ये बसला होता, तो शून्य बाइट बिचारा स्वतः गिळत होता.

पुण्यात गच्चीवर तीन आठवडे चाचणी करूनही हे दिसलं नाही, कारण शंभर हेलकावे म्हणजे २८ मिमी, आणि त्या आठवड्यांत एका दिवसात तेवढा पाऊस झालाच नाही. संगमेश्वरात आषाढात तेवढा एका झोपेत पडतो.

दुरुस्ती दोन मिनिटांची: बफर ३२ बाइट, स्प्रिंटएफऐवजी दिलेल्या जागेबाहेर न लिहिणारं एसएनप्रिंटएफ, आणि त्याने परत दिलेली लांबी तपासून जास्त असेल तर कार्डावर चूक झाल्याची खूण. जीसीसी या कंपायलरची फॉरमॅट-ओव्हरफ्लोची (ओळ बफरबाहेर जाईल अशी) सूचनाही पातळी २ वर नेली. नेहमीच्या पातळीवर ती अंक कमीत कमी धरून हिशेब करते, त्यामुळे इतके दिवस गप्प होती.

बोर्ड शनिवारच्या एसटीने परत जातोय. मामांना सांगितलंय, घमेलं अजून आठवडाभर पागोळीखालीच राहू द्या.