क्षमा शिकवायला आम्ही कोण?

इराकहून परतल्यापासून जो तो एकच विचारतोय, भीती नाही का वाटली? भीती फारशी वाटली नाही. राग मात्र आला, आणि तोही आमच्याच गटातल्या एका सज्जन गृहस्थांचा. तो अजून निवळलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

वसईतले काही शिक्षक, दोन नर्स आणि एक फादर असे आम्ही सेवाकार्यासाठी बगदेदाला गेलो होतो. नकाशावर हे गाव काराकोश नावानं सापडतं. मोसूलपासून तीसेक किलोमीटर, निनवेच्या मैदानात. योना संदेष्ट्याला देवानं जिथं धाडलं तेच हे निनवे. विमान एर्बिलला उतरतं, पुढं गाडी. वाटेत पेशमर्गांची, म्हणजे कुर्दी सैनिकांची चौकी, मग इराकी सैन्याची, आणि गावाजवळ तिथल्याच ख्रिस्ती तरुणांच्या दलाची. काम साधं होतं : मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायचं, नर्सनी म्हाताऱ्या माणसांचं बीपी-शुगर बघायचं. मुलं हुशार, वह्या नीटनेटक्या, वीज मात्र वरचेवर गुल. मोसूलला एक दिवस जाऊन आलो. बदूशजवळ मारल्या गेलेल्या आपल्या 39 भारतीय कामगारांसाठी फादरांनी गाडीतच प्रार्थना घेतली.

या गावानं काय सोसलंय ते आम्ही निघण्याआधी वाचलं होतं. 6 ऑगस्ट 2014 च्या सकाळी तोफगोळा पडला, दोन लहान मुलं आणि एक तरुणी गेली. त्याच रात्री पेशमर्गा मागं हटले आणि 50,000 च्या आसपास वस्तीचं गाव अंगावरच्या कपड्यांनिशी एर्बिलकडे निघालं. मागोमाग आयसिस ही दहशतवादी संघटना आत शिरली. पुढची दोन-तीन वर्षं अनेकांनी एर्बिलच्या अंकावा भागात काढली, चर्चच्या आवारात तंबू ठोकून, नाहीतर अर्धवट बांधलेल्या मॉलमध्ये. ऑक्टोबर 2016 मध्ये गाव आयसिसच्या तावडीतून सुटलं तेव्हा अल-ताहिरा हे मरियामातेचं भलंमोठं चर्च आतून जळून काळं पडलं होतं. त्याच्या अंगणात नेमबाजीचा सराव चालायचा. मार्च 2021 मध्ये पोप फ्रान्सिस याच चर्चमध्ये आले. त्या तोफगोळ्यात मुलगा गमावलेल्या एका आईनं त्यांच्यासमोर सांगितलं, की ही लेकरं गेली म्हणून गाव वेळेत सावध झालं आणि बाकीचे वाचले.

हे सगळं ठाऊक असताना एका संध्याकाळी, एका आजींच्या घरी, आमच्या त्या गृहस्थांनी क्षमेवर प्रवचन दिलं. मत्तयाचं शुभवर्तमान उघडलं, सत्तर वेळा सात वेळा क्षमा करा हे वाचलं आणि बराच वेळ बोलत राहिले. मनात द्वेष धरला तर जखम भरत नाही, वगैरे. गावातली एक तरुणी आमची दुभाषी होती. तिचा आवाज हळूहळू खाली गेला, शेवटी शेवटी तर ती दोन वाक्यांचं एकच करून सांगत होती. घरातले पुरुष जमिनीकडे बघत बसले होते.

आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे येशू मला रोज सांगतो. मी माफ केलंय. पण रात्री दाराला दोन कड्या घालते. त्या काढू का, तेवढं यांना विचार."

गृहस्थ म्हणाले, "विश्वास ठेवा, आजी."

तिथं माझं डोकं फिरलं. याच आजींनी दुपारी मला त्यांचं शिवणयंत्र दाखवलं होतं. गाव सुटल्यावर परत आल्या तेव्हा घर धुऊन नेलेलं. काही महिन्यांनी बाजारात एका माणसाकडे त्यांना आपलं यंत्र दिसलं. चाकाजवळचा टवका त्यांनीच पाडलेला, त्यावरून ओळखलं. माणूसही ओळखीचा निघाला. त्यांनी भाव विचारला, पैसे मोजले आणि यंत्र घरी आणलं. "भांडला नाहीत?" मी विचारलं. म्हणाल्या, "मला शिवायचं होतं."

आता अशा बाईला क्षमा शिकवायला आम्ही विमानाचं तिकीट काढून जायचं? आमच्याकडे हद्दीच्या दगडावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारी जात नाहीत. मी बाहेर आल्यावर गृहस्थांना हे स्पष्ट सांगितलं. ते दुखावले. फादर म्हणाले, त्यांचा हेतू चांगला होता. हेतू चांगला होताच, तरीही मला ते पटलं नाही. ज्याचं काहीच गेलं नाही त्यानं ज्याचं सगळं गेलं त्याला त्याच्या कर्तव्याची आठवण करून देऊ नये. आजींनी मात्र आम्हाला जेवायला थांबवून घेतलं. डोलम्याचं भांडं परातीत उपडं केलं, द्राक्षाच्या पानांत, कांद्यात, वांग्यात भरलेला भात, आणि नको म्हटलं तरी वाढत राहिल्या. गृहस्थांना सगळ्यांत जास्त वाढलं.

या मंडळींना आम्ही धीर द्यायला निघालो होतो, याचंच मला आता नवल वाटतं. आमची वसईची चर्चं साडेचारशे वर्षांची म्हणून आम्हाला अभिमान. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या प्रवाशानं 'कल्लियाना' इथं पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलंय, आणि ते आपलं कल्याणच असं अनेक अभ्यासक मानतात. त्या पर्शियाच्या ख्रिस्तसभेची गादी आजच्या बगदादजवळ होती. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या हजार वर्षं आधी आपल्या खाडीकाठच्या ख्रिस्ती लोकांना मेंढपाळ, म्हणजे बिशप, तिथून मिळत होता. थोरल्या बहिणीच्या घरी जावं तसं जायला हवं होतं. आजही बगदेदात मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सिरियाक भाषेत होते, घरात बोलतात तीही अरामाईकच. प्रभूची प्रार्थना त्या भाषेत ऐकताना आमच्यातली एक नर्स रडली.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी हजारो माणसं रस्त्यावर होती. झावळ्यांऐवजी ऑलिव्हच्या फांद्या, बायकांच्या अंगावर रंगीत भरतकामाच्या शाली, बँड, ढोल, गच्च्यांवरून ओशानाचा, म्हणजे होसान्नाचा जयघोष. गर्दी मला एरवी सोसत नाही, पण त्या गर्दीतून निघावंसं वाटलं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये याच गावात लग्नाच्या हॉलला आग लागून शंभराहून अधिक माणसं गेली. रस्त्यात कितीतरी जण काळ्या कपड्यांत होते, आणि तेही गात होते.

इथले धर्मगुरू लोकांना विनवतात, गाव सोडू नका. 2003 च्या आधी इराकमध्ये दहा लाखांहून जास्त ख्रिस्ती होते, आता अडीच लाखही नसतील असे अंदाज आहेत. त्यांची तळमळ मला कळते. ते तिथं राहतात, त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे. पण आमच्या गटानंही निरोपाच्या वेळी तेच म्हणावं? "तुम्ही टिकून राहा, आम्ही प्रार्थना करू." हे वाक्य इतक्या जणांनी म्हटलं की मला तिथं उभं राहवेना.

आदल्या रात्री दुभाषी मुलगी माझ्याकडे कागद घेऊन आली होती. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा अर्ज. इंग्रजी बघून द्याल का, म्हणाली. आजी तिचीच आजी. अर्जात आजींचं नाव नव्हतं, त्या येणार नाहीत म्हणाल्यात. आम्ही दोघींनी मिळून व्याकरण सुधारलं, तारखा जुळवल्या. 2014 चा मजकूर तिनं फार थोडक्यात लिहिला होता, तो मी नीट विस्तारानं लिहायला लावला. तिथं राहा किंवा जा, यातलं एक अक्षर मी बोलले नाही. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. पुढचा गट जाईल तेव्हा आमच्या धर्मग्रामातल्या एका वकील बाईंनी सोबत जावं म्हणून मी त्यांच्या मागे लागलेय, कारण असे कागद घेऊन बसलेली घरं त्या एका गल्लीतच मला बरीच दिसली.