रिकामी फोल्डरं आणि गिट: आतापर्यंत झालेलं काम

जुना सबव्हर्जन रिपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवणारं भांडार) गिटवर आणण्याचं काम बरंचसं उरकलं. दोन्ही फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणाली. इतिहास नीट आला, ब्रँचेस (कामाच्या समांतर शाखा) आल्या. अडलं ते चार रिकाम्या फोल्डरांपाशी: 'आवक', 'नोंदी', 'तात्पुरते' आणि 'डेटा'. सबव्हर्जनमध्ये फोल्डरला स्वतःचं अस्तित्व असतं, 'एसव्हीएन एमकेडिर' करून नुसतं फोल्डर कमिट करता येतं, म्हणजे इतिहासात नोंदवता येतं. गिटचा ताजा क्लोन (रिपोची नवी प्रत) घेतला की ही चारही गायब, आणि प्रोग्राम पहिलीच फाइल लिहायला जातो तिथे 'असं फोल्डर नाही' म्हणून थांबतो.

या अडचणीचं मूळ इंडेक्समध्ये, म्हणजे पुढच्या कमिटमध्ये जाणाऱ्या फाइलींच्या गिटच्या यादीत आहे. 'गिट एलएस-फाइल्स --स्टेज' चालवा. प्रत्येक ओळीत मोड (नोंदीचा प्रकार), हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण), स्टेज क्रमांक आणि फाइलचा पाथ दिसतो. साध्या फोल्डरची स्वतःची ओळ कुठेच नसते. 'नोंदी/' हा फक्त पाथचा तुकडा. कमिट करताना गिट या पाथांवरूनच ट्री (फोल्डरात काय आहे त्याची नोंद) बांधतं, त्यामुळे आत एकही फाइल नसेल तर फोल्डरचा ट्री तयारच होत नाही. रिकामा ट्री गिटला ठाऊक नाही असं मात्र नाही. शा-१ पद्धतीने हॅश काढणाऱ्या रिपोत त्याचा हॅश नेहमी '४बी८२५डीसी'नेच सुरू होतो. 'गिट एमकेट्री' आणि 'गिट कमिट-ट्री' वापरून, पोटात रिकामा ट्री असलेला कमिट हाताने बनवताही येतो. पण तो इंडेक्समध्ये उतरत नाही, चेकआउटला डिस्कवर फोल्डर येत नाही आणि पुढच्या साध्या कमिटमध्ये तो गळून पडतो. त्या वाटेला जाऊ नये.

फोल्डरांची नावं देवनागरीत असतील तर 'गिट एलएस-फाइल्स'मध्ये 'नोंदी'तल्या न-च्या जागी '\३४०\२४४\२५०' असे आकडे दिसतात. नाव बिघडलेलं नाही, ते यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतले बाइट आहेत. 'गिट कॉन्फिग कोअर.कोटपाथ फॉल्स' केलं की नाव सरळ वाचता येतं.

रूपांतर 'गिट एसव्हीएन'ने करत असाल तर पहिल्या क्लोनलाच '--प्रिझर्व्ह-एम्प्टी-डर्स' द्या. रिकाम्या फोल्डरात ते खूणफाइल (फोल्डर टिकावं म्हणून ठेवलेली फाइल) टाकतं. तिचं नाव एरवी '.गिटइग्नोर' (गिटने काय वगळायचं ते सांगणाऱ्या फाइलचंच नाव) असतं, '--प्लेसहोल्डर-फाइलनेम'ने बदलता येतं. 'गिट एसव्हीएन एमकेडर्स' नावाची कमांडही आहे, पण ती फोल्डरं फक्त त्याच रिपोत उभी करते. इतरांच्या क्लोनपर्यंत ती पोचत नाहीत.

फोल्डर टिकावं म्हणून आत ठेवतात ती '.गिटकीप' फाइल ही गिटची सोय नव्हे, लोकांनी पाडलेली प्रथा आहे. कुठलीही ट्रॅक केलेली (गिटच्या नोंदीत असलेली) फाइल तेच काम करते. खरा घोळ इग्नोरच्या नियमात होतो. रिपोच्या मुळाशी असलेल्या '.गिटइग्नोर'मध्ये अशा दोन ओळी सर्रास दिसतात:

नोंदी/
!नोंदी/.गिटकीप

दुसरी ओळ वाया जाते. फोल्डरच वगळलं असेल तर गिट त्याच्या आत डोकावतच नाही, मग आतल्या फाइलला दिलेली सूट त्याला दिसणार कशी? 'गिट अ‍ॅड .' काही न बोलता पुढे जातं. पहिल्या ओळीत फक्त एक तारा वाढवायचा:

नोंदी/*
!नोंदी/.गिटकीप

आता फोल्डर वगळलेलं नाही, त्यातल्या वस्तू वगळल्या आहेत. कोणता नियम आड येतोय हे 'गिट चेक-इग्नोर -व्ही नोंदी/.गिटकीप' फाइल आणि ओळ क्रमांकासकट सांगतं. नियम डावलून फाइल जोडणाऱ्या 'गिट अ‍ॅड -एफ'ने काम होतं, पण चुकीचा नियम तसाच राहतो आणि पुढच्या फोल्डराला पुन्हा आडवा येतो.

'नोंदी'साठी शेवटी वेगळी पद्धत पक्की केली: फोल्डराच्या आतच '.गिटइग्नोर', त्यात '*' आणि '!.गिटइग्नोर' या दोनच ओळी. फोल्डर टिकतं, लॉग बाहेर राहतात, आणि फोल्डरचं नाव बदललं तरी नियम सोबत जातो. 'आवक'मधल्या फाइली पुढे कमिट व्हायच्या आहेत, म्हणून तिथे साधी '.गिटकीप'.

'डेटा'त खूणफाइल चालत नाही. ते पोस्टग्रेस या डेटाबेसचं फोल्डर आहे, आणि तो प्रथम उभा करणाऱ्या 'इनिटडीबी'ला ते पूर्ण रिकामं लागतं. टिंबाने सुरू होणारी एक लपलेली फाइलही त्याला खपत नाही. फोल्डर नसेल तर ते स्वतः बनवतं, परवानग्याही स्वतःच लावतं. म्हणून 'डेटा' रिपोतून काढलं. परवानग्यांचा मुद्दा इतरत्रही लागू आहे: गिट फोल्डरच्या परवानग्या नोंदवत नाही, फाइलचाही फक्त एक्झिक्युटेबल (चालवता येण्याचा) बिट जपतं. फोल्डरला ०७५० अशी परवानगी हवीच असेल तर सेटअप स्क्रिप्टमध्ये 'इन्स्टॉल -डी -एम ०७५०' लिहावं लागतं.

'तात्पुरते' प्रोग्रामनेच सुरुवातीला 'एमकेडिर -पी'ने बनवायचं ठरलं. चालू असताना लागणाऱ्या फोल्डराला हाच उपाय सगळ्यात भरवशाचा, कारण खूणफाइल असूनही फोल्डर जाऊ शकतं. ती फाइल नसलेल्या जुन्या ब्रँचवर गेलात की गिट फाइल काढतं आणि मागे काही उरलं नसेल तर फोल्डरही उचलतं. गिट २.३५ पासून (जानेवारी २०२२) ज्या फोल्डरात उभं राहून कमांड दिली ते शाबूत राहतं, बाकीच्यांना ती हमी नाही. खूण नसलेलं, इग्नोरमध्येही नसलेलं रिकामं फोल्डर, नोंदीत नसलेलं साफ करणाऱ्या 'गिट क्लीन -एफडी'त जातं.

रिकामं फोल्डर गिट स्वतःहून बनवतं असं एकच ठिकाण: सबमॉड्यूल, म्हणजे एका रिपोत जोडलेला दुसरा रिपो. इंडेक्समध्ये त्याची १६०००० मोडची नोंद असते आणि '--रिकर्स-सबमॉड्यूल्स' न देता क्लोन केलं की त्या जागी नुसतं फोल्डर येतं. एक फोल्डर टिकवण्यासाठी सबमॉड्यूल जोडणं मात्र फार जड पडतं.

राहिलेलं काम: 'आवक'च्या आतली उपफोल्डरं शोधणं. हा शोध गिटच्या क्लोनमध्ये घेऊन उपयोग नाही, तिथे ती आधीच गळालेली आहेत. तो सबव्हर्जनच्या जुन्या चेकआउटवर (डिस्कवरच्या कामाच्या प्रतीवर) घ्यायचा: 'फाइंड . -नेम .एसव्हीएन -प्रून -ओ -टाइप डी -एम्प्टी -प्रिंट'. '-प्रून' विसरलात तर सबव्हर्जनच्या स्वतःच्या '.एसव्हीएन' फोल्डराच्या पोटातलं रिकामं 'टीएमपी'ही यादीत येईल.