आजाराचे नेमके नाव कळले तेव्हा

आईच्या पोटातून काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजीचा अहवाल हातात आला, तेव्हा त्यातला 'ट्यूमर' हा एकच शब्द आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत भरला आणि त्याच्या आधीचे दोन शब्द कोणी धड वाचलेही नाहीत. गाठ जठराला होती, म्हणून घरात आणि नातेवाइकांत तो 'पोटाचा कॅन्सर' झाला, आणि त्याच नावाने मी त्या रात्री सांगलीतल्या घरी मोबाइलवर आपल्यासारखी माणसे शोधायला बसले. जठराच्या कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जिथे बोलतात अशा दोन गटांत मला लगेच प्रवेश मिळाला. तिथली माणसे मायेने बोलणारी होती, पण बोलणे चालले होते ते केमोथेरपीच्या फेऱ्यांचे, गळणाऱ्या केसांचे आणि संपूर्ण जठर काढल्यानंतरच्या आहाराचे. आठवडाभर मी ते सगळे रात्री जागून वाचले, आईसाठी डोक्याला बांधायला दोन सुती रुमालही आणून ठेवले. मग डॉक्टरांनी समोर बसवून सांगितले की या गाठीवर नेहमीची केमोथेरपी फारशी चालत नाही आणि आईचा पुढचा उपचार म्हणजे रोज एक गोळी असणार आहे.

अहवालातले नाव होते 'गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर'. डॉक्टर आणि रुग्ण त्याला 'जिस्ट' म्हणतात. जठराचा जो कर्करोग सर्वांना माहीत असतो तो आतल्या अस्तरातून सुरू होतो. जिस्ट मात्र पचनमार्गाच्या भिंतीत, आतड्यांच्या हालचालीची लय राखणाऱ्या काहाल पेशींच्या कुळातून उद्भवते. निम्म्याहून अधिक गाठी जठरात आणि त्याखालोखाल लहान आतड्यात सापडतात. दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण १० ते १५ जणांना हा आजार होतो. हा हिशेब आमच्या जिल्ह्याला लावून पाहिला, तर २०११च्या जनगणनेतल्या सुमारे २८ लाख लोकसंख्येत वर्षाला तीस-चाळीस माणसे निघतात. म्हणजे आई जिल्ह्यात एकटी नव्हती. पण ही तीस-चाळीस माणसे वेगवेगळ्या दवाखान्यांत, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या डॉक्टरांसमोर बसतात आणि बाकावर शेजारी बसून त्यांची कधी ओळख होत नाही.

चुकीच्या नावामुळे चुकीच्या माणसांत जाऊन बसण्याचा जो अनुभव मला आला, तो या आजाराच्या इतिहासातच आहे, हे पुढे कळले. एके काळी यांतल्या पुष्कळ गाठी स्नायूंच्या सार्कोमात, म्हणजे स्नायूंपासून होणाऱ्या कर्करोगात, मोजल्या जात असत. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी या गाठींमधला 'किट' जनुकातला बदल दाखवून दिला आणि तिथून आजाराची ओळखच बदलली. मार्च २००० मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी येथे जिस्टच्या एका रुग्ण स्त्रीला पहिल्यांदा इमॅटिनिब, म्हणजे आईला सांगितलेली तीच गोळी, देण्यात आले. तोवर ते रक्ताच्या एका कर्करोगावर, म्हणजे सीएमएलवर, तपासले जात होते. तिच्या गाठी आटल्या, मोठ्या चाचण्या सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेत जिस्टसाठी या औषधाला मान्यता मिळाली. त्याच चाचण्यांमधले रुग्ण आणि त्यांचे आप्त २००० साली इंटरनेटवर एकमेकांना शोधून जमले आणि गोळीचे कोणाला काय त्रास होतात, किती प्रमाणात होतात, याच्या नोंदी आपसांत ठेवू लागले. त्यातूनच 'लाइफ राफ्ट ग्रुप' ही संस्था उभी राहिली. पहिल्या वर्षांत या औषधाबद्दल सांगायला अनुभवी असे कोणी नव्हतेच. अनुभव होता तो गोळी घेणाऱ्यांकडे, आणि त्यांनी तो स्वतःपाशी ठेवला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून कृतज्ञता वाटते.

नेमके नाव मिळाल्यावर शोधणे सोपे झाले. तरी आजाराच्या नावाने सापडणारी बहुतेक माणसे अमेरिकेतली आणि युरोपातली होती, आणि त्यांच्या विमा कंपन्यांच्या अडचणी आमच्या उपयोगाच्या नव्हत्या. औषधाच्या नावाने शोधल्यावर भारतातली माणसे दिसू लागली. सीएमएलचे हजारो रुग्ण तीच गोळी घेतात, त्यामुळे आपल्याकडे हे दोन्ही प्रकारचे रुग्ण पुष्कळदा एकत्रच भेटतात. 'मॅक्स फाउंडेशन' ही जागतिक संस्था आणि तिच्याशी जोडलेला भारतातला 'फ्रेंड्स ऑफ मॅक्स' हा गट यांत सीएमएल आणि जिस्ट या दोन्हींचे रुग्ण आहेत. ज्यांचा आजार दुर्मीळ आहे त्यांना मी आता हेच सांगते की अहवालातले इंग्रजी नाव स्पेलिंगसकट उतरवून घ्या, आधी त्या नावाने शोधा, मग औषधाच्या नावाने शोधा आणि कळले असेल तर जनुकातल्या बदलाच्या नावानेही शोधा.

त्या जनुकातल्या बदलाची गोष्ट जरा सविस्तर सांगावीशी वाटते. जिस्टच्या गटात मी पहिल्यांदा आईविषयी लिहिले, तेव्हा धीराच्या दोन शब्दांपाठोपाठ जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: कोणता एक्सॉन? मला प्रश्नच कळला नाही. नंतर समजले की एक्सॉन म्हणजे जनुकाचा एक तुकडा, आणि किट जनुकात बदल नेमका कुठल्या तुकड्यात झाला आहे यावर उपचार अवलंबून असतो. एक्सॉन ११ मध्ये असेल तर इमॅटिनिब बहुधा चांगले लागू पडते, एक्सॉन ९ मध्ये असेल तर आजार पसरलेल्या रुग्णाला ४००ऐवजी ८०० मिलिग्रॅम मात्रेचा विचार होतो, आणि पीडीजीएफआरए नावाच्या दुसऱ्या जनुकात डी८४२व्ही हा बदल असेल तर इमॅटिनिबचा जवळपास उपयोगच होत नाही. ही तपासणी आईच्या बाबतीत झालेली नव्हती. मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारले. त्यांनी प्रश्न आवडल्यासारखे माझ्याकडे पाहिले आणि लगेच चिठ्ठी लिहून दिली. प्रयोगशाळेतून आईच्या गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे चार ब्लॉक मिळाले, काड्यापेटीपेक्षाही लहान, आणि प्रत्येकात तपकिरी रंगाची एक चकती. महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जाताना ती प्लास्टिकची डबी मी रात्रभर पर्समध्ये, पर्स उशाखाली अशी जपली. बदल एक्सॉन ११ मध्ये निघाला. गाठ आठ सेंटिमीटरची होती आणि पेशी वेगाने विभागत होत्या, त्यामुळे धोका अधिक धरून तीन वर्षे गोळी ठरली.

रोजच्या जगण्यातल्या बारीकसारीक गोष्टी मात्र डॉक्टरांच्या दहा मिनिटांत मावत नाहीत, आणि तिथे या माणसांचा मोठा आधार झाला. सकाळी उठल्यावर आईचे डोळे सुजलेले असत, रात्री पोटऱ्यांत गोळे येत. आजार परतला या भीतीने ती कोणाला सांगतही नव्हती. हे दोन्ही त्रास या गोळीचे नेहमीचे आहेत, हे तिला केरळमधल्या एका निवृत्त शिक्षकांच्या अनुभवातून कळले, आणि मग डॉक्टरांनीही तेच सांगितले. गोळी भरल्या पोटी, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. ग्रेपफ्रूट खायचे नाही असे परदेशातले रुग्ण वारंवार लिहीत. आमच्याकडे ते कोण खातो, म्हणून मी सोडून दिले होते. पण पपनस त्याच कुळातले फळ आहे आणि मामांच्या परसातली पपनसे आई दरवर्षी आवडीने खाते, हे एकदम लक्षात आले. डॉक्टरांनी तेही बंद करायला सांगितले.

या गटांत वावरताना काही गोष्टी सोसून शिकले. पहिले काही महिने मला वाटे की सगळ्यांचाच आजार परत येतो, कारण रोज कोणीतरी वाईट बातमी लिहीत असे. ज्यांचे स्कॅन चांगले येतात ती माणसे हळूहळू बोलणे थांबवतात आणि आपापल्या संसाराला लागतात, हे समजायला मला फार वेळ लागला. माझ्या आजच्या समजुतीप्रमाणे नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगितले पाहिजे. जुन्या नोंदींची तारीख पाहणेही तितकेच गरजेचे आहे. २००५ साली इमॅटिनिब थकल्यावर पुढे काय, या प्रश्नाला मान्यता मिळालेल्या औषधाचे उत्तर नव्हते. २००६ मध्ये सुनिटिनिब, २०१३ मध्ये रेगोराफेनिब आणि २०२० मध्ये रिप्रेटिनिब अमेरिकेत मान्य झाले, आणि डी८४२व्हीवर चालणारे अ‍ॅव्हाप्रिटिनिबही २०२० मधलेच. त्या वेळची निराशा आजच्या रुग्णाने आपल्या माथी घेऊ नये.

आणि एक राग आहे तो लिहूनच टाकते. गटात आल्यानंतर दोनच दिवसांत एका माणसाने मला खासगी संदेश पाठवून गोळी बंद करा, आमचा काढा सुरू करा, असे सांगितले, आणि आईचे नाव घेऊन सांगितले, कारण मी अहवालाचा फोटो नाव आणि मोबाइल नंबरासकट टाकला होता. त्याची तक्रार करून त्याला काढायला लावले. तेव्हापासून अहवालाच्या वरच्या भागावर कागदाची पट्टी ठेवल्याशिवाय मी फोटो काढत नाही.

आईला इंग्रजी येत नाही. त्यामुळे रात्री जेवणे झाल्यावर मी निवडक मजकूर तिला मराठीत वाचून दाखवत असे आणि ती सांगेल ते उत्तर इंग्रजीत लिहीत असे. दीड वर्षापूर्वी जालन्याच्या एका बाईंच्या मुलाने गटात विचारले की मराठी बोलणारे कोणी आहे का, कारण त्यांच्या आईला दुसऱ्या कोणाशी तरी बोलायचे होते. त्यांचाही एक्सॉन ११ आहे. आता त्या दोघी मुलांना मध्ये न घेता परस्पर फोनवर बोलतात. आईची गोळी संपली आहे, त्यांची अजून चालू आहे. परवा त्यांचा स्कॅन होता, तर आईने सकाळी सातलाच फोन करून विचारले की डोळ्यांची सूज कशी आहे, आणि मग अर्धा तास दोघी उन्हाळी वाळवणांबद्दल बोलत होत्या.